शेरा

होळकर पुलाच्या खांबाला
पांढऱ्या पट्टीवर काळे आकडे आहेत.
सत्तावीस वर्षं मी ते वाचतो :
तास, पातळी, विसर्ग, शेरा.
शेऱ्याचा रकाना बहुधा निरंक.

ऋजुता दिंडोरीच्या वायनरीत लागली
आणि नोकरीपुरतं फ्रेंच शिकता शिकता
घरी एका माणसाला घेऊन आली.
माणूस साडेतीनशे वर्षांपूर्वीचा,
झेरॉक्सच्या गठ्ठ्यात गुंडाळलेला,
नाव यान केर्वादेक, हुद्दा सुकाणूवाला.
म्हणाली, "पपा, हा तुमच्यासारखाच.
दिवसभर पाणी मोजतो."

तेव्हापासून रात्रपाळीला तो माझ्या शेजारी असतो.

मिठागरातला पोरगा. टाचांच्या भेगांत
आई मेण भरायची, बाप मीठ ओढायचा.
चौदाव्या वर्षी मासेमारी जहाजावर पळाला
थेट पश्चिमेला, जिथे धुकं असं
की खलाशी घंटा बडवून
एकमेकांना आपण असल्याचं कळवत.
मग पुढे एक नदी, गोठत चाललेली.
कप्तान म्हणाला, हिच्या उगमाशी चीन आहे.
चीन नव्हता. बर्फ होतं, सहा महिने.
दोन बोटं त्यातच गेली.
हिरड्या काळ्या पडल्या तेव्हा
काठावरच्या लोकांनी झाडाची साल उकळून पाजली
आणि हे जगले.

वसंतात बर्फ फुटलं.
जगलेल्यांनी त्या लोकांच्या म्होरक्याला
जेवायला म्हणून जहाजावर बोलावलं
आणि शिडं सोडली.

त्या दिवसाच्या पानावर
केर्वादेकने एवढंच लिहिलंय :
अकरा वाव, तळ वाळूचा, वारा नैर्ऋत्य.

ऋजुता पान उलटून पाहत राहिली,
मागे काही असेल म्हणून.
मी पाहिलं नाही. मला ते पान माहीत होतं.

त्या ऑगस्टात
दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं होतं,
भांडीबाजारातून पातेली तरंगत येत होती,
आणि रात्री अडीचला एक निळा शर्ट
पुलाखालून हात वर करून गेला.
माझ्या बॅटरीचा झोत पट्टीवर होता.
मी तो पट्टीवरच ठेवला.
आकडा बरोबर लिहिला, अगदी सेंटिमीटरसकट.
शेरा : निरंक.

म्हातारपणी केर्वादेक पूर्वेच्या किनाऱ्यावर आला.
एका तांबूस नदीच्या मुखाशी नांगर टाकून
कोळ्यांना विचारलं, कुठून येते ही?
त्यांनी नुसता पश्चिमेला हात केला.
मला हसू आलं. इथून ब्रह्मगिरी दिसतो,
उघडीप असेल तर.
होडीने एकोणीस दिवस तो वर चढला,
डोंगरांनी नदी आवळली तिथवर. मग ताप.

आता मात्र खोली लिहीत नाही.
पानभर एकच नाव, त्या म्होरक्याचं,
दर वेळी वेगळ्या स्पेलिंगने,
ऐकलेलं आठवून आठवून.
शेवटचा शब्द शाईत पसरलाय.
ऋजुता म्हणते, 'मीठ' असेल किंवा 'एकटा',
त्यांच्याकडे एका अक्षराचा फरक आहे.
बराच वेळ ती भिंग धरून बसली.
मी म्हटलं, राहू दे तसंच.

परवा पुन्हा गंगापूरचे दरवाजे उघडले.
पहाटे चारला मारुतीच्या कमरेला पाणी.
मी आकडा लिहिला,
आणि शेऱ्याच्या रकान्यात, जरा दाबून,
निळा शर्ट. वय अंदाजे वीस. हात वर होता.

सकाळी भामरे साहेबांनी वही पाहिली.
"खैरनार, हे काय? काल कोणी वाहून गेलं?"
"काल नाही, साहेब. जुनी नोंद राहिली होती."
त्यांनी लाल पेन काढलं,
टोपण उघडलं,
माझ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं.
तेवढ्यात वायरलेसवर कोणीतरी
सातची पातळी मागू लागलं
आणि मी बॅटरी घेऊन खाली उतरलो.
उजाडलं होतं, तरी बॅटरी घेऊन.